बाकीच्या फाट्यांवर चंद्र पडला का? झेल्डाची फुटलेली टाइमलाइन आणि शेजारच्या दुनिया

(हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळलेलं आणि दोनदा म्हटलेलं तेवढं काढलंय, बाकी जसंच्या तसं. स्पॉइलर भरपूर आहेत. झेल्डाचा कुठलाही गेम अर्धवट राहिला असेल तर आधी तो संपवा, मजकूर कुठे पळून जात नाही.)

हेडफोन लावलेत ना? बसमध्ये असाल तर स्टॉप चुकवू नका, आज विषय गुंतागुंतीचा आहे.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस नोट आला. त्याने पहिल्यांदाच 'मजोराज् मास्क' पूर्ण केला होता. पहिली वीस सेकंद नुसता आनंद. चंद्र थांबवला, गाव वाचलं, रात्रीचे अडीच वाजले होते, घरचे झोपलेले म्हणून ओरडताही आलं नाही, वगैरे वगैरे. मग आवाज एकदम खाली आला. त्याने म्हणे सहज नेटवर झेल्डाची टाइमलाइन शोधली. तीन फाट्यांचा तो प्रसिद्ध तक्ता समोर आला आणि त्यात त्याचा गेम एकाच फाट्यावर दिसला. मग त्याचा प्रश्न असा: "दादा, बाकीच्या दोन फाट्यांवर चंद्र पडला का? मी वाचवलेली माणसं तिकडे मेली का?"

गेमचा शेवट बघून रडवेले झालेले लोक मी पाहिलेत. तक्ता बघून रडवेला झालेला हा पहिलाच. पण प्रश्न खरा आहे, आणि उत्तर द्यायला बसलो तेव्हा लक्षात आलं की आपण सगळेच यात एक घोळ घालतो. टाइमलाइन फुटणं ही एक गोष्ट आणि समांतर दुनिया असणं ही वेगळी गोष्ट. झेल्डामध्ये दोन्ही आहेत आणि आपण त्या एकाच पिशवीत कोंबतो.

सोपं करून सांगतो. फुटलेली टाइमलाइन म्हणजे हायवेला फुटलेला फाटा. फाट्यापर्यंत रस्ता एकच, त्यामुळे मागचा इतिहास सगळ्यांचा सारखा. पुढे एक गाडी डावीकडे गेली, एक उजवीकडे, आणि त्यांची परत गाठ नाही. समांतर दुनिया म्हणजे वाड्यातलं शेजारचं बिऱ्हाड. तिथला इतिहास वेगळा, माणसं वेगळी, पण मध्ये एक भिंत, आणि त्या भिंतीत कुठेतरी एक दार. फाट्यावरून दुसऱ्या फाट्यावर जाता येत नाही. शेजारच्या बिऱ्हाडात जाता येतं, दार सापडलं तर. हायरूल हे झेल्डाच्या गोष्टींचं राज्य. त्याच्या तीन फाट्यांवरून कोणी कोणाला कधीच भेटत नाही. पण टर्मिना, लोरूल, ट्वायलाइट रेल्म या शेजारच्या दुनियांत हिरो लिंक चालत जातो आणि परतही येतो.

आता प्रश्न असा की रस्त्याला फाटा फुटला की शेजाऱ्यांचं काय होतं?

०३:४० – फाटा नेमका कुठे फुटला

सगळं 'ऑकारिना ऑफ टाइम'पाशी येऊन थांबतं. साल १९९८, निन्टेन्डो ६४. लहानगा लिंक देवळात जाऊन मास्टर सोर्ड उपसतो. पण तो हिरो व्हायला फारच लहान आहे, म्हणून तलवार त्याला सात वर्षं झोपवून ठेवते. त्याने दार उघडलं त्याचाच फायदा घेऊन गॅननडॉर्फ आत शिरतो, पवित्र भूमीत, म्हणजे सेक्रेड रेल्ममध्ये. तिथे ट्रायफोर्स ठेवलेला असतो. तो हात लावतो, ट्रायफोर्सचे तीन तुकडे होतात आणि एक त्याला मिळतो. लिंक जागा होतो तेव्हा हायरूलची राखरांगोळी झालेली असते.

शेवटी लिंक जिंकतो. ऋषी गॅननला कोंडतात. मग झेल्डा ऑकारिना वाजवून लिंकला परत त्याच्या लहानपणात पाठवते, कारण त्याची सात वर्षं वाया गेली असं तिला वाटतं. भावनेच्या भरात केलेली गोष्ट. आणि इथे रस्ता फुटतो. एका बाजूला मोठेपणाचा काळ, जिथे गॅनन हरला पण हिरो नाहीसा झाला. दुसऱ्या बाजूला लहानपणाचा काळ, जिथे लिंकला पुढचं सगळं माहीत आहे आणि तो झेल्डाला आधीच सावध करतो.

'विंड वेकर' जपानात २००२ च्या डिसेंबरात आला. त्या सुमाराला ऐजी आओनुमा यांनी मुलाखतीत सांगितलं की ऑकारिनाला दोन शेवट आहेत आणि हा गेम मोठेपणाच्या शेवटानंतर शंभरेक वर्षांनी घडतो. तोवर चाहते आपापले तक्ते काढून भांडतच होते. मग २०११ च्या डिसेंबरात जपानात 'हायरूल हिस्टोरिया' हे जाडजूड पुस्तक आलं आणि त्यात तिसराच फाटा निघाला! शेवटच्या लढाईत लिंक हरला तर काय, हा तो फाटा. यात कोणी काळात मागेपुढे गेलं नाही. कोणी ऑकारिना वाजवला नाही. हिरो मेला, एवढंच. आपण गेम खेळताना स्क्रीनवर 'गेम ओव्हर' येतं ना, आपण वैतागून पुन्हा सुरू करतो. त्या क्षणानंतर हायरूलचं पुढे काय झालं असतं, ते म्हणजे हा फाटा. मी एकट्याने तो किमान चाळीस वेळा तयार केला असेल.

हा तिसरा फाटा का लागला, तर जुनी गणितं जुळेनात. 'अ लिंक टू द पास्ट' १९९१ चा. त्याच्या गोष्टीत ऋषींनी गॅननला कोंडलं आणि पूर्ण ट्रायफोर्स त्याच्याच हातात राहिला. ऑकारिनात तसं होत नाही. मग आधी निघालेल्या गेमला बसायला जागा हवी म्हणून नंतर फाटा काढला. तेव्हा त्या तक्त्याकडे वेदवाक्य म्हणून बघू नका. गेम आधी बनतो, कुंडली मागून मांडतात. हा इतिहास पुढे बदलू शकतो असं 'हायरूल हिस्टोरिया'नेही सुचवून ठेवलंय.

०६:३० – पवनचक्कीवाल्याचं कोडं

इथे एक अडचण आहे, आणि ती समजली नाही तर पुढचं सगळं चुकतं. ऑकारिनात लिंक काही एकदाच काळात मागे जात नाही. मास्टर सोर्ड परत दगडात खुपसली की लहान, उपसली की मोठा. दहा-वीस वेळा ये-जा करतो. मग दहा-वीस फाटे का नाही फुटत?

काकारिको गावातली पवनचक्की आठवा. मोठा लिंक तिथे ऑकारिना काढतो आणि चक्कीवाला भडकतो. सांगतो की सात वर्षांपूर्वी एक पोरगा इथे ऑकारिनावर एक गाणं वाजवून गेला आणि माझ्या चक्कीचा सत्यानाश केला. रागारागात तेच गाणं तो लिंकला शिकवतो. मग लिंक लहान होऊन मागे जातो, त्याच चक्कीत तेच गाणं वाजवतो आणि चक्की गरगरा फिरते. म्हणजे तो पोरगा लिंकच! आता सांगा, गाणं बनवलं कोणी? लिंक चक्कीवाल्याकडून शिकला, चक्कीवाला लिंककडून. कोणीच नाही बनवलं. पण मुद्दा गाण्याचा नाही. फाटा फुटत असता तर चक्कीवाल्याला त्या पोराची आठवण असलीच नसती. त्याला आठवतंय, म्हणजे रस्ता एकच आहे, फक्त वळसा घालून स्वतःलाच येऊन मिळालाय. लहानपणी पेरलेली जादूची बी मोठेपणी झाड होऊन भेटते, तेही तसंच.

तर एकाच गेममध्ये दोन नियम चालतात. तलवारीने गेलात तर वळसा, झेल्डाने पाठवलं तर फाटा. फरक काय? गेम सांगत नाही. मला जे पटतं ते असं: तलवारीने जाणारा लिंक परत येणार असतो, दोन्ही टोकं त्याच्याच हातात असतात. झेल्डाने पाठवलेला लिंक परत येणार नसतो. मागे राहिलेल्या दुनियेला तो कायमचा सोडून जातो. परतीचं तिकीट नाही म्हटल्यावर रस्ता तुटतो. हे माझं मत, तक्त्यात नाही. पण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

०९:०५ – एक खोली, तीन नशिबं

फाट्याचा शेजारच्या दुनियेवर काय परिणाम होतो हे बघायचं तर पवित्र भूमीकडे बघा. ती फाट्याच्या आधीपासून आहे, तिन्ही फाट्यांना सामाईक आहे, आणि तिन्ही ठिकाणी तिची कथा वेगळी होते.

हिरो हरला त्या फाट्यावर गॅननला सगळा ट्रायफोर्स मिळाला. ऋषींनी शेवटचा उपाय म्हणून त्याला ट्रायफोर्ससकट तिथेच कोंडलं. आता पवित्र भूमीचा स्वभाव असा की ती मालकाच्या मनासारखी होते. मालक गॅनन, म्हणून ती झाली डार्क वर्ल्ड. 'अ लिंक टू द पास्ट'मध्ये आपण जी काळवंडलेली दुनिया हिंडतो ती हीच. नकाशा हायरूलचाच, पण उलट्या काळजाचा. किल्ल्याच्या जागी पिरॅमिड, काकारिकोच्या जागी चोराचिलटांचं गाव. आणि तिथे गेलेल्या माणसाचं रूप त्याच्या मनाप्रमाणे बदलतं. आपला शूर लिंक काय होतो? गुलाबी ससा! चंद्रमोती मिळेपर्यंत हातात तलवारसुद्धा धरता येत नाही. लहानपणी मला हा निव्वळ विनोद वाटायचा. आता वाटतं, एखाद्याचं मन किती निर्मळ आहे हे याहून कमी शब्दांत सांगता येणार नाही.

मोठेपणाच्या फाट्यावर गॅनन त्याच भूमीत कोंडला गेला, पण हाती ट्रायफोर्सचा एकच तुकडा. डार्क वर्ल्ड झाल्याचं तिथे काही ऐकू येत नाही. तो फक्त वाट बघतो आणि एक दिवस सुटतो. लोक हिरोची वाट बघत बसतात. हिरो कुठून येणार? त्याला तर झेल्डाने घरी पाठवलं! शेवटी देव हायरूलवर पाऊस सोडतात आणि राज्य समुद्राच्या तळाशी जातं. मग 'विंड वेकर'मध्ये गंमत बघा. दुसरी दुनिया म्हणून आपण जिथे उतरतो ते जुनं हायरूलच असतं. पाण्याखाली, काळ थांबलेला, सगळं करडं, राक्षस पाऊल उचललेले तसेच गोठलेले. लिंक तलवार उपसतो तेव्हा रंग परत येतो. म्हणजे या फाट्यावरच्या लोकांना शेजारचं बिऱ्हाड शोधायला बाहेर जावंच लागलं नाही, त्यांचा स्वतःचा भूतकाळच खालच्या मजल्यावर राहायला गेला. शेवटी राजा ट्रायफोर्सला हात लावून मागतो काय, तर हे जुनं राज्य वाहून जाऊ दे आणि या पोरांना पुढचं आयुष्य मिळू दे. त्या प्रसंगाला मी दरवेळी गप्प होतो.

आणि लहानपणाच्या फाट्यावर? तिथे लिंकने आधीच चुगली केल्यामुळे गॅननडॉर्फला पवित्र भूमीत शिरताच आलं नाही. ती वाचली. पण संकट गेलं कुठे? त्याला पकडून मृत्युदंड द्यायला वाळवंटात नेलं आणि तिथे त्याच्या हातावर ट्रायफोर्सचा तुकडा चमकला. तो त्याच्याकडे आला कसा यावर चाहत्यांची भांडणं अजून चालू आहेत, मी पडत नाही. त्याने बेड्या तोडल्या, एका ऋषीला मारलं. घाबरलेल्या बाकीच्यांनी काय करावं? जवळच एक आरसा होता, त्यातून त्याला पलीकडे ढकलून दिलं. ट्वायलाइट रेल्ममध्ये.

हे नीट बघा. ट्वायलाइट रेल्म हे आधीच हद्दपार झालेल्या लोकांचं घर होतं. त्यांच्या पूर्वजांनी कधीकाळी पवित्र भूमीवर कब्जा करायचा प्रयत्न केला, म्हणून त्यांना संधिप्रकाशात हाकलून दिलेलं. पिढ्या गेल्या, नवे लोक तिथे शांतपणे नांदत होते. आणि हायरूलवाल्यांनी आपल्या घरातला साप उचलून त्यांच्या अंगणात टाकला. गॅननडॉर्फने तिथे झँटला शक्ती दिली, झँटने गादी बळकावली, मिडना राणीची चिमुकली सावली झाली. 'ट्वायलाइट प्रिन्सेस' हा सगळा त्या शेजाऱ्यांच्या त्रासाचा गेम आहे. शेवटी मिडना तो आरसा फोडते आणि दार कायमचं बंद होतं. लोकांना तो विरह वाटतो. मला वाटतं तिने शहाणपणा केला. असे शेजारी असतील तर भिंत बुजवलेलीच बरी.

म्हणजे झालं काय? फाट्याने नवी दुनिया बनवली नाही. ट्वायलाइट रेल्म फाट्याच्या खूप आधीपासून होतं. फाट्याने एवढंच ठरवलं की गॅननला कुठल्या खोलीत कोंडायचं. ज्या खोलीत कोंडला ती खोली नासली.

१३:२० – लोरूलचा उपकार

आता माझा आवडता मुद्दा. तीन फाट्यांपैकी सगळ्यात वाईट कुठला? कोणीही सांगेल, हिरो मेला तो. पण २०१३ चा 'अ लिंक बिट्वीन वर्ल्ड्स' त्याच फाट्यावर आहे, 'अ लिंक टू द पास्ट'च्या बऱ्याच पिढ्यांनंतर. त्यात शेजारी कोण, तर लोरूल.

बरेच जण लोरूलला डार्क वर्ल्डच समजतात, कारण नकाशा तसाच दिसतो. नाही हो. डार्क वर्ल्ड ही बिघडलेली पवित्र भूमी. लोरूल हे हायरूलचं स्वतंत्र जुळं भावंड. तिथेही एक ट्रायफोर्स होता. त्याच्यासाठी इतक्या लढाया झाल्या की तिथल्या पूर्वजांनी भांडणाचं मूळच नको म्हणून तो नष्ट करून टाकला. हेतू चांगला, परिणाम भयंकर. जमिनीला भेगा पडल्या, तुकडे तुटून खाली अंधारात पडायला लागले. तिथली राजकन्या हिल्डा अखेर शेजाऱ्यांचा ट्रायफोर्स चोरायला निघते, युगा तिच्यासाठी दार उघडतो आणि तिच्यावरच उलटतो. तिथल्या लिंकचं प्रतिरूप रॅव्हियो, तो तर पक्का भित्रा. पण योग्य वेळी योग्य माणसाकडे पळून येण्याइतका हुशार. लिंक भिंतीत चित्र होऊन शिरतो आणि फटीतून पलीकडे निघतो. भिंतीचा तडा हेच दार, याहून सरळ काय सांगणार!

शेवटी लिंक आणि झेल्डा आपल्या ट्रायफोर्सकडे स्वतःसाठी काही मागत नाहीत, लोरूलचा ट्रायफोर्स परत आणतात. एक अख्खी दुनिया वाचते.

थोडं थांबा इथे. हे घडलं त्या फाट्यावर, जिथे ऑकारिनाचा लिंक हरला. तो जिंकला असता तर डार्क वर्ल्ड नाही, पुढच्या राजवटी नाहीत, तो विशिष्ट लिंक आणि ती विशिष्ट झेल्डा नाही. लोरूल मात्र तसंच शेजारी तुटत राहिलं असतं, कारण त्याचा नाश त्याच्या स्वतःच्या चुकीने सुरू झाला होता, हायरूलच्या फाट्याशी त्याचा संबंध नव्हता. पाण्याखाली गेलेल्या हायरूलला तर द्यायला ट्रायफोर्सच कुठला! तेव्हा फाटा चांगला की वाईट हे कुणाच्या घरातून बघता त्यावर आहे. हिल्डाला विचारलंत तर ती सांगेल, आमच्यासाठी तुमचा तो हरलेला हिरोच बरा.

१६:०० – आता टर्मिना

आपल्या श्रोत्याला मी विसरलो नाही. 'मजोराज् मास्क', साल २०००. लहानपणाच्या फाट्यावरचा लिंक, ज्याचा पराक्रम कोणाच्याच लक्षात नाही कारण तो अजून घडलाच नाही, आपल्या हरवलेल्या मैत्रिणीला शोधत जंगलात शिरतो. स्कल किड त्याचा घोडा आणि ऑकारिना पळवतो, मागे धावता धावता लिंक एका खोल खड्ड्यात पडतो आणि टर्मिनात निघतो. चेहरे ओळखीचे, माणसं वेगळी. याचं खरं कारण कामाच्या घाईत आहे. शिगेरू मियामोतोंनी आओनुमांना साधारण वर्षभरात गेम करून दाखवा असं आव्हान दिलं, म्हणून ऑकारिनाचीच पात्रं परत वापरली. मुदतीने टर्मिना आणखी विचित्र झालं, चांगल्या अर्थाने.

मग चंद्राचं काय? टर्मिना एकच आहे आणि तिन्ही फाट्यांना शेजारी आहे असं मानलं, तर लिंकने एकदा वाचवलं म्हणजे वाचवलं, विषय संपला. पण मग स्कल किड कुठल्या फाट्यावरून मुखवटा घेऊन आला? तो हायरूलच्या जंगलात हिंडणारा. जंगल फुटलं तर तोही फुटला.

हायरूलबरोबर टर्मिनाही फुटलं असं मानलं, तर उत्तर कडू आहे. स्कल किडचा राग लिंकमुळे नव्हता. त्याचे जुने मित्र, ते चार राक्षस, त्याला सोडून गेले हे त्याचं दुखणं. ते दुखणं तिन्ही फाट्यांवर सारखंच. त्याने मुखवटा तिन्हीकडे त्याच सुमाराला चोरला असेल तर तो काळ कुठला? लिंकच्या लहानपणाचा. त्या काळात बाकीच्या फाट्यांवरचा लिंक काय करत होता? झोपला होता. पवित्र भूमीत, सात वर्षं. चंद्र खाली येत असताना टर्मिनाचा एकमेव हिरो दुसऱ्या दुनियेत गाढ झोपेत. हा विचार मला परवा रात्री सुचला आणि मग मीच झोपलो नाही.

पण हे सगळं 'असेल तर'वर उभं आहे. मुखवटा तिकडेही चोरीला गेला असं कोणताही गेम सांगत नाही. मुखवटेवाला त्या जंगलातून दुसऱ्या दिवशी गेला असता तरी पुढचं काही घडलं नसतं. आणि शेजारच्या दुनियांना आपल्या फाट्याशी बांधलेलंच असतं असंही नाही. लोरूल बघितलंत ना? ते आपल्या चुकीने बुडत होतं. 'फँटम अवरग्लास'मध्ये समुद्रराजाच्या दुनियेत लिंक अख्खी मोहीम पार पाडतो आणि परत येतो तेव्हा जहाजावरचे सोबती सांगतात, दहाच मिनिटं झाली. तिथलं घड्याळच वेगळं. घड्याळ वेगळं असेल तर आपल्या रस्त्याला फाटा फुटला म्हणून तिकडचाही फुटलाच पाहिजे, अशी सक्ती कशाला?

अलीकडचे गेम तर या वादातून अंग काढून घेतात. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' २०१७ चा. त्यात सैंधव मिठाच्या वर्णनात प्राचीन समुद्र येतो, पंखवाले रिटो आणि पाण्यातले झोरा एकत्र नांदतात. मग हा कुठल्या फाट्यावरचा? निन्टेन्डोने तो कुठल्याच फाट्याला न जोडता शेवटी ठेवला. 'टिअर्स ऑफ द किंगडम' २०२३ चा. त्यात झेल्डा भूतकाळात फेकली जाते, परत यायला मार्ग नाही म्हणून ती ड्रॅगन होते आणि युगानुयुगं उडत उडत वर्तमानात पोचते. आपण गेमच्या सुरुवातीपासून तिला आकाशात बघत असतो, ओळखत नसतो. पवनचक्कीवाल्याचाच नियम. वळसा आहे, फाटा नाही. तिने परतीचं तिकीट स्वतःच काढलं, फार महाग पडलं एवढंच. माझं मघाचं मत तिथे तरी टिकतं.

राहता राहिला आपला श्रोता. दोस्ता, तू बाकीच्या फाट्यांची काळजी करतोयस, पण गेममध्येच बघ. तीन दिवस संपत आले की तू गाणं वाजवून पहिल्या दिवशी परत गेलास. किती वेळा? प्रत्येक वेळी तू केलेलं पुसलं गेलं. अंजू आणि काफेईची भेट तू शेवटच्या रात्री, चंद्र डोक्यावर असताना घडवलीस. मग गाणं वाजवलंस आणि अंजू परत खानावळीत एकटी, काफेई परत बेपत्ता. त्या फेरीचा त्यांना पत्ताही नाही. हातात राहिला फक्त त्यांनी दिलेला मुखवटा. मग चंद्र थांबवलास त्या शेवटच्या फेरीत तू त्यांच्याकडे फिरकलाही नसशील. बरेच जण नाही फिरकत, वेळ नसतो.

तरी श्रेयनामावलीत त्यांचं लग्न दिसलं ना? गाव जमलेलं, ती नटलेली? ते काम तू कुठल्या फेरीत केलंस हे गेमने विचारलंच नाही.

चला, आजच्यापुरतं इतकंच. व्हॉइस नोट पाठवत राहा, रात्री अडीचला पाठवले तरी चालतील. पुढच्या भागात 'लिंक्स अवेकनिंग' आणि स्वप्नातलं बेट, म्हणजे परत कोणीतरी मला विचारणार की ती मॅरिन खरी होती का.